बुडबुडा थांबतो तेव्हा

"तोंड उघडा."

ऊ फो चो यांनी मुकाट्याने आ केला. ध्यानकेंद्राच्या फाटकाशी, आल्यागेल्यांच्या देखत, खिन ले टाचा उंचावून नवऱ्याच्या तोंडात डोकावली. आधी उजवा गाल पाहिला, मग डावा.

"पान नाही ना दडवलंय कुठं? आत गेल्यावर पिचकारी मारायला कोपरा शोधाल आणि माझी लाज काढाल."

"अगं, साठी उलटलेला माणूस मी. काय सांगतेस लहान मुलाला सांगितल्यासारखं?"

"लहान मुलाला सांगितलं की कळतं."

ओरडत होती, पण चेहरा नुसता फुलला होता बाईचा. फुलणारच. दर वर्षी पाणी उडवायचा सण आला की ती आठ शीलं, म्हणजे व्रतं, घेऊन या केंद्रात बसायला यायची, आणि नवरा मात्र वाद्यमेळ्याच्या ट्रकवर चढून गावभर न्हे वाजवत भिजत फिरायचा. न्हे म्हणजे आपल्या सनईची बर्मी बहीण, फक्त हिचं पितळी तोंड मोठं आणि आवाज त्याहून मोठा. लग्नानंतरचे सगळे सण असेच गेले. आणि यंदा एका सकाळी चहा पिताना स्वारी आपण होऊन म्हणाली, "मीही येतो म्हणतो ध्यानाला." खिन लेने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग ती तडक पॅगोडावर गेली आणि सोन्याचा वर्ख चढवून आली. येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आली.

तिला बिचारीला काय ठाऊक की नवऱ्याच्या लुंगीच्या कनवटीला एक डबी खोचलेली आहे, आणि डबीत ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेली न्हेची पत्ती आहे. पत्ती म्हणजे वादकाने ओठांत धरायचा तो छोटा तुकडा. ताडाच्या कोवळ्या पानाचे पापुद्रे एकावर एक बांधून, चुलीवरच्या धुरात महिनोन्‌महिने मुरवून ती तयार करतात. ती सतत ओली राहावी लागते. एकदा का कोरडी पडून चिरली की दुसरी तयार व्हायला पुढचं वर्ष उजाडतं. म्हणून तर ती घरी ठेवून येण्याचा प्रश्नच नव्हता. आत गेल्यावर शीलं घेताना 'गाणं-बजावणं यांपासून दूर राहीन' असं त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं आणि म्हणताना कनवट चाचपली.

खरं कारण वेगळंच होतं. हिवाळ्यातल्या पॅगोडाच्या जत्रेत ऊ फो चो यांचा दम तुटला होता.

इरावतीच्या या काठावर त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. शिन-प्यूची मिरवणूक, म्हणजे मुलाला राजपुत्रासारखं नटवून श्रामणेर व्हायला विहारात नेतात ती, घरून निघाली की ऊ फो चो दारातून न्हेची हाक सुरू करायचे आणि वाजवत पुढे चालायचे. घराच्या उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत एकच सूर, कुठेही न तुटता. लोक चहाची पैज लावायचे आणि जो 'तुटेल' म्हणायचा त्याच्या बोकांडी चहा बसायचा. त्याची युक्ती ते पोरवयात शिकले होते. गालात वारा साठवायचा, तो ओठांतून सोडता सोडता नाकाने नवा ओढून घ्यायचा. ऐकणाऱ्याला श्वास कधी संपला आणि कधी सुरू झाला याचा पत्ता लागता कामा नये. त्यांच्या गुरूंनी पाण्याच्या वाडग्यात नळी घालून फुंकायला बसवलं होतं. वाडग्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. बुडबुडा थांबला की पाठीवर वेत. गुरू जाऊन किती वर्षं झाली, पण वेत अजून पाठीशी उभाच होता.

जत्रेत ऐन रंगात आलेला सूर मध्येच गप्प झाला, तेव्हा लोकांना वाटलं वीज गेली. "अरे, जनरेटर लावा! जनरेटर!" म्हणून चहूकडून ओरडा झाला. दिवे तर लख्ख जळत होते. गोल मांडलेल्या ढोलांच्या कड्यात बसलेला मेळ्याचा म्होरक्या ऊ म्यात सान, जन्माचा दोस्त, त्याने घाईघाईने ढोल बडवून वेळ मारून नेली. नंतर म्हणाला, "फो चो, तुझ्या नातवाच्या शिन-प्यूला मी त्या तरण्या को लिनला पण न्हे घेऊन बोलावून ठेवतो. नुसता बसून राहील रे. लागलाच तर."

'लागलाच तर' हे शब्द ऊ फो चो यांच्या काळजात घुसले. नातू ठेत आठ वर्षांचा. शाळेत सगळ्यांना सांगून बसला होता की हाक माझे आजोबा घालणार, तुटणार नाही, पैज लावा. घरी तोही वाडग्यात नळी घालून फुंकायचा आणि बुडबुडा थांबला की स्वतःच दचकायचा. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं थकलीत, आता फुंकणं पुरे. मग चिरुटाच्या दुकानात कोणीतरी बोलताना त्यांच्या कानावर पडलं की ध्यानकेंद्रात दुसरं काही नसतं हो, पहाटेपासून दिवसभर श्वास आणि श्वासच. ऊ फो चो यांनी हिशेब मांडला. पहाटेपासून दिवसभर श्वासाची तालीम! असा रियाज तर गुरूंनीही करून घेतला नव्हता. शिन-प्यू सणानंतर महिन्याने होती. तेवढ्यात दम पुन्हा उभा राहील.

असे हे आमचे साधक.

ध्यानाच्या दालनात पुढे पुरुष आणि मागे बायका बसत. सयाडो, म्हणजे तिथले मुख्य भंते, ठेंगणे आणि गोल होते. ताडी उतरवणाऱ्याच्या घरात जन्मलेले. त्यांनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं, "नाकाच्या टोकाशी लक्ष ठेवा. श्वास आत येतो, कळू द्या. बाहेर जातो, कळू द्या. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. बाकी काही करायचं नाही."

शेजारच्या चटईवर ऊ ऑंग डिन नावाचे निवृत्त पोस्टमास्तर होते. ते दुसऱ्या केंद्रातून आलेले, तिथे पोटाचं वर-खाली होणं पाहत. मौन लागायच्या आधी ते कुजबुजले, "नाकाबिकाचं मला जमत नाही हो. मी आपला पोटावरच बसतो. भंतेंना सांगू नका."

"पोट? पोटाचा श्वास फार कामाचा," ऊ फो चो मन लावून म्हणाले. "खर्जाला पोटच लागतं."

पोस्टमास्तरांना काही कळलं नाही. पण त्यांनी आदराने मान हलवली.

आणि ऊ फो चो कामाला लागले. गाल फुगवले, नाकाने ओढलं, ओठांच्या फटीतून सोडलं, गालातला वारा संपायच्या आत पुन्हा ओढलं. घंटा होईपर्यंत श्वास कुठे तुटू दिला नाही. पहिल्या दिवशी घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी मनात खूश होते, कारण इतका वेळ तर मिरवणुकीतही कधी ओढला नव्हता.

भंतेंपुढे अनुभव सांगायची पाळी आली तेव्हा ते हात जोडून, छाती काढून बसले.

"काय दिसलं?"

"भंते, माझा श्वास अखंड चालतोय. सकाळी सुरू केला तो जेवणाच्या घंटेपर्यंत सोडला नाही."

"मी वरून पाहत होतो. बाकीचे सगळे बसलेत आणि तुम्ही एकटेच बेडकासारखे गाल हलवताय. मला वाटलं दाढ दुखतेय. लवंग पाठवणार होतो."

"तालीम आहे ती, भंते."

"कसली?"

ऊ फो चो यांनी कनवट चाचपली. आठ शिलांत खोटं न बोलण्याचंही एक होतं, ते नेमकं आत्ता आठवलं.

"उपासक, श्वासाला कामावर लावू नका," भंते म्हणाले. "तो तुमचा नोकर नाही. नुसतं बघा."

नुसतं बघा! बोलणं सोपं आहे. ऊ फो चो यांनी मनापासून प्रयत्न केला, पण श्वासाकडे पाहिलं की तो लगेच ताठ उभा राहायचा आणि कसरत करून दाखवायला लागायचा. कोणी ऐकतंय म्हटल्यावर चांगलं वाजवायलाच हवं, ही जन्माची खोड. आणि श्वास संपत आला, आता क्षणभरात थांबणार असं वाटलं, की पाठ आपोआप कडक व्हायची. थांबायच्या आत ते पुढचा ओढून घ्यायचे.

मग सण सुरू झाला आणि भिंतीपलीकडे गावाला नुसतं उधाण आलं. पाण्याचे फवारे, पोरांचा ओरडा, कर्णे, ट्रक. आत सगळे डोळे मिटून. ऊ फो चो यांच्या बोटांना चैन पडेना. मांडीवर ती आपली आपण नाचायची. दुपारच्या बैठकीत अचानक लांबून ओळखीचे ढोल ऐकू आले. म्यात सानचा हात. झोपेतही ओळखला असता. आणि त्या ढोलांवर न्हे वाजवत होता को लिन.

वाईट वाजवत नव्हता पोरगा. तेच तर दुखणं होतं. ट्रक भिंतीपाशी येऊन थांबला आणि को लिनने ती मिरवणुकीची हाक सुरू केली. सूर चढत गेला. ऊ फो चो यांचा हात कनवटीला कधी गेला, डबी कधी उघडली आणि पत्ती ओठांत कधी आली हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वाजवायची नव्हतीच. नुसती जिभेवर धरायची, ओली करायची, तेवढाच जिवाला आधार. पलीकडे को लिन वरच्या स्वराजवळ पोचला. तिथला चढ अवघड, तिथे पोरगा नेहमी घसरायचा. आताही घसरणार, घसरणार... ऊ फो चो यांनी त्याच्यासाठी श्वास रोखून धरला, जीव खाऊन धरला.

आणि पोरगा घसरला. ऊ फो चो यांनी हळहळून श्वास सोडला.

"क्वॅऽऽक!"

दीडशे माणसांच्या निःशब्द दालनात बदकाने गळा काढला.

सगळ्यांचे डोळे उघडले. पोस्टमास्तर चटईवरून टणकन उडाले. ऊ फो चो यांनी घाबरून तोंड मिटलं ते पत्तीवरच, आणि आतल्या आत आणखी एक बारीक "क्विक" झालं. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू चटयांवरून सांडत पुढे आलं. ज्यांनी ओठ दाबून धरले त्यांचे खांदे गदगदत होते. वर आसनावर सयाडोंनी पंख्याआड तोंड लपवलं, पण पोट कुठे लपतंय. ते चांगलं वर-खाली होत होतं, आणि पोस्टमास्तरांना पहिल्यांदाच आपल्या पद्धतीचं समाधान झालं असावं.

एकच बाई हसत नव्हती. खिन लेने तो आवाज अंगणात, स्वयंपाकघरात, बाळंतपणाच्या खोलीतही ऐकला होता. तिला मान वळवायचीही गरज पडली नाही. मौन असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, हे ऊ फो चो यांचं नशीब. दुसऱ्या दिवशी जेवायच्या रांगेत मात्र तिने पलीकडून असं पाहिलं की त्यांच्या पानातली डाळ गार झाली.

त्याच संध्याकाळी ते भंतेंपुढे डबी घेऊन गेले आणि पायाशी ठेवून वाकले. मग सगळं सांगितलं. जत्रा, जनरेटर, को लिन, नातवाची पैज, वाडगा, वेत.

"मी धम्मासाठी आलोच नाही, भंते. दम कमवायला आलो. उद्या सकाळी जातो."

भंतेंनी डबी उघडून पत्ती उलटसुलट पाहिली. "ताडाची ना? माझा बाप झाडावरून कोवळी पानं काढून द्यायचा एका वादकाला. कोरडी पडली तर चिरेल ही."

"हो, भंते."

"मग माझ्याकडे राहू दे. ओली ठेवीन. जाताना घ्या. आणि उद्या जायचं नाही." त्यांनी डबी खिडकीत ठेवली. "एक सांगा. श्वास संपला की काय होतं?"

"संपू देत नाही मी."

"कधीच?"

"जाणून-बुजून कधीच नाही. तेच तर शिकलो."

"झोपेत?"

झोपेतल्या श्वासाचा ऊ फो चो यांनी कधी विचारच केला नव्हता.

"एकदा जागेपणी संपू द्या," भंते म्हणाले. "बघा तरी काय होतं. मेलात तर सगळे विधी मी करीन, काही काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी ऊ फो चो कोपऱ्यातल्या खांबाशी बसले. कनवट रिकामी होती, फार हलकं हलकं वाटत होतं, आणि फार भीतीही. श्वास आला. गेला. जात राहिला, बारीक होत गेला. आता ओढ, आता ओढ, गाल म्हणाले. त्यांनी ओढला नाही. बारीक होत होत तो नाकाच्या टोकाशी एका जागी पोचला आणि तिथे संपला.

पाठ कडक झाली. दोन्ही खांदे वर गेले. कातडीला वेताची जागासुद्धा ठाऊक होती, डाव्या खांद्याखाली. ते वाट पाहत बसले.

काही झालं नाही.

बाहेर कोणीतरी बादली आपटली. कुठेतरी पाल चुकचुकली. काहीच वाजत नव्हतं आणि कोणी मारत नव्हतं. आणि मग, त्यांनी बोटही हलवलं नव्हतं, ओठ हलवला नव्हता, श्वास आला. आपला आपण आला. आखूडच होता, साधा होता, कोणाला ऐकवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आला. गेला. पुन्हा ती जागा आली, पाठ पुन्हा कडक झाली, थोडी कमी. पुन्हा आला.

ऊ फो चो यांना हसू फुटलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम सुरू झालं आणि नाक गळायला लागलं, त्यामुळे नाकाच्या टोकाशी लक्ष ठेवणं अवघड होऊन बसलं. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो मिरवणुकी निघताना पाहिल्या होत्या, पण श्वासाला असं मोकळं चालताना कधी पाहिलं नव्हतं. घंटा झाली तरी ते उठले नाहीत. पोस्टमास्तरांनी हळूच आपला रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय झालं?" भंतेंनी विचारलं.

"संपला, भंते."

"मग?"

"मग आला."

"कोणी आणला?"

"देवाशपथ मी नाही आणला!" ऊ फो चो असे म्हणाले, जणू चोरीचा आळ आला होता.

भंते खदखदून हसले. "चला, म्हणजे तुमचे विधी करायचं टळलं माझं."

उरलेले दिवस भुर्रकन गेले. निघताना भंतेंनी डबी दिली. आत ताजं केळीचं पान होतं, नुकतंच पाणी शिंपडलेलं. फाटकाबाहेर पाऊल पडताच मौन सुटलं आणि खिन लेने इतक्या दिवसांचं एकदम बाहेर काढलं. चौकापर्यंत ती थांबली नाही. ऊ फो चो ऐकत चालले. मध्ये एकदा ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा ते लाडाने म्हणाले, "घे, घे. सावकाश घे. येतो तो."

"काय येतो? कोण येतो?"

"काही नाही गं."

ती पुढचं बोलायचं विसरलीच, आणि रस्त्यावरच्या गाडीवर दोघांनी मिळून ताडगोळे खाल्ले.

शिन-प्यूच्या सकाळी गल्ली माणसांनी फुलून गेली. ठेत पांढऱ्या घोड्यावर बसला होता. डोक्यावर चकचकीत मुकुट, गालांवर लाली, वर सोनेरी छत्री. मुकुट सारखा डोळ्यांवर येत होता आणि तो कपाळ ताणून वर ढकलायचा प्रयत्न करत होता. गल्लीच्या तोंडाशी मेळ्याचा ट्रक उभा होता. म्यात सान ढोलांच्या कड्यात बसलेला, आणि त्याच्यामागे मांडीवर न्हे घेऊन को लिन, लागलाच तर म्हणून. चहाच्या दुकानात पैजा लागून गेल्या होत्या.

ऊ फो चो उंबऱ्यात उभे राहिले. पत्ती ओठांत धरली आणि हाक सुरू केली.

सूर निघाला तो जुन्या ऊ फो चो यांचाच. लोकांनी "वाहवा!" म्हणून हात वर केले. ते चालू लागले, मागून घोडा. विहीर गेली, शेजाऱ्यांचा माडीवरचा सज्जा गेला, आणि शेवग्याच्या झाडापाशी श्वास बारीक व्हायला लागला. गालात वारा होता. युक्ती हाताशी होती. कदाचित गल्ली निघालीही असती.

त्यांनी न्हे ओठांपासून खाली घेतली.

सूर थांबला. म्यात सानचे हात ढोलांवर हवेतच राहिले. को लिन चटकन सरसावला, न्हे तोंडाशी नेली, पण म्यात सानने मागे न बघता त्याचा गुडघा दाबून धरला. गल्लीत एवढी माणसं, आणि फक्त घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. ऊ फो चो उभे होते, मान जरा कलती, काहीतरी ऐकत असल्यासारखे. "जनरेटर" कोणी म्हणालं नाही.

मग श्वास आला. त्यांनी न्हे उचलली आणि सूर जिथे ठेवला होता तिथूनच पुढे नेला.

गल्लीच्या तोंडापर्यंत ते आणखीही थांबले. प्रत्येक वेळी घुंगरं वाजली आणि प्रत्येक वेळी सूर परत आला. तो परत यायचा तेव्हा गर्दीतल्या बायकांच्या तोंडून आपोआप "हां" निघायचं. ट्रकपाशी पोचल्यावर म्यात सान वरून खेकसला, "अरे, थांबलास काय मेल्या? माझा जीव वर गेला ना!"

"खाली आला का?"

"काय?"

"जीव. वर गेला म्हणालास."

म्यात सानने ढोलावर अशी काही थाप मारली की घोडा बिचकला. चहाच्या दुकानात पैज कोण जिंकलं यावरून भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. ऊ फो चो यांनी आपली न्हे को लिनच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "धर, पुढे तू वाजव. वरच्या चढाला घाई करू नकोस. मी नातवाबरोबर चालतो." पत्ती मात्र त्यांनी काढून कनवटीला खोचली. तेवढा मोह राहू दे माणसाला.

विहारात ठेतचं डोकं भादरलं. खिन ले आणि मुलगी, ठेतची आई, पांढऱ्या कापडाची टोकं धरून बसल्या आणि केस त्यात झेलले. मग त्याने चीवर घातलं, शीलं घेतली. बाहेर आला तो वेगळाच मुलगा होता, कान मोठे दिसणारा. आता घरच्यांनी त्याला वाकून वंदन करायचं. आजोबाही वाकले, कपाळ जमिनीला टेकवलं. उठून पाहतात तर त्याचे ओठ हसू दाबताना थरथरत होते, आणि यांचेही.

विधीसाठी ध्यानकेंद्रातले सयाडोच आले होते. त्यांनी त्याला समोर बसवून पहिला धडा दिला, तोच, नाकाच्या टोकाचा. ठेतने डोळे घट्ट मिटले. गाल टम्म फुगवले. नाकाने ओढलं, ओठांच्या फटीतून सोडलं, पुन्हा ओढलं. थांबू देईना. बघता बघता पोरगं लाल झालं.

"संपू दे, बाळ," ऊ फो चो हळूच म्हणाले. "येतो तो."

गाल खाली बसले. श्वास संपला, आणि त्या एवढ्याशा पाठीचे खांदे वर गेले. ऊ फो चो यांचा हात तिथे ठेवायला पुढे झाला. मग त्यांना आठवलं की आज हा आपला नातू नाही, श्रामणेर आहे, त्याला असा हात लावत नाहीत. हात अर्ध्यावरून परत आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. ते तसेच हात जोडून बसले. समोर दोन्ही खांदे हळूहळू खाली आले.